गवताची मशीन काढताय? आधी ऑइल मापा, नुसतं पेट्रोल ओतू नका

मंडळी, पावसाची उघडीप मिळाली की सगळ्यांचीच गवत काढायची घाई सुरू होते, आणि टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) इंजिनं मरतात ती याच दिवसांत. लॉन मोवर असो की ब्रश कटर, कारण बहुतेक वेळा एकच बघतोय, काम अर्ध्यावर असताना मिक्स (पेट्रोल-ऑइलचं मिश्रण) संपतं आणि मग "एवढा तुकडाच राहिलाय" म्हणून टाकीत नुसतं पेट्रोल ओततात. असं करू नका हो. या छोट्या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलसोबत जे ऑइल आत जातं त्याच्यावरच पिस्टन, रिंगा, क्रँकचं बेअरिंग सगळं चालतं. ते बंद झालं की पिस्टनवर ओरखडे येतात आणि इंजिन जाम होतं.

१ लिटर पेट्रोलला ऑइल (५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल):
५०:१ – २० मिली
४०:१ – २५ मिली
२५:१ – ४० मिली

तुमच्या मशीनला कुठलं ते तिच्या पुस्तकात असतं, तेच धरा, दुकानदाराच्या तोंडचं नको. बुचाने अंदाजपंचे ओतू नका, मापाची बाटली नाहीतर बिनसुईची सिरिंज वापरा. जास्त टाकलं म्हणजे इंजिन सेफ असंही नाही, धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये कार्बन बसतो. ऑइल एअर-कूल्ड (हवेने गार होणाऱ्या) इंजिनाचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (JASO FC / FD, ऑइलच्या दर्जाची खूण) बघा. बोटीच्या इंजिनाचं किंवा फोर-स्ट्रोकचं चालत नाही. आणि ते "इंजिनाची ताकद वाढवणारे" महागडे डोस काउंटरवर गळ्यात मारतात ते राहू द्या, मापात ऑइल टाकलं तर त्यांची गरज नाही.

मिक्स टाकीत नाही, कॅनमध्येच करायचं:
– अर्धं पेट्रोल
– सगळं ऑइल, झाकण लावून हलवा
– उरलेलं पेट्रोल, परत हलवा, वर थोडी जागा ठेवा
– कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहा
– टाकी भरताना दर वेळी आधी कॅन हलवा

इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, त्या थरात ऑइल जवळपास नसतं आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. म्हणजे मिक्स करूनही इंजिन कोरडंच! मिक्स महिनाभर चालतं म्हणतात, मी दमट हवेत पंधरवडाच धरतो, त्यामुळे लागेल तेवढंच करा. मागच्या सीझनचा कॅन तर वापरूच नका.

हाताळताना:
– पेट्रोलचाच कॅन, पाण्याची बाटली नको
– कॅन जमिनीवर ठेवून भरा, गाडीत ठेवून नाही
– उघड्यावर, विडी-सिगारेट लांब (वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते)
– गरम इंजिनात भरू नका, १० मिनिटं थांबा
– सांडलेलं पुसा, ३ मीटर लांब जाऊन मशीन चालू करा
– तोंडाने नळी ओढू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना

नुसतं पेट्रोल ओतून झालंच असेल तर मशीन लगेच बंद करा, गार झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून मापाचं मिक्स भरा आणि दोरी हळू ओढून बघा. नेहमीपेक्षा जड लागली तर जोर लावू नका, आधी सायलेन्सर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते मेकॅनिकला बघू द्या.