व्हीपीएनवरून रिमोट डेस्कटॉप न अडकता कसा चालवावा

घरून व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित बोगद्यातून, रिमोट डेस्कटॉपने ऑफिसचा कॉम्प्युटर चालवताना स्क्रीन अडकायला लागली की सल्ले ठरलेले असतात: वॉलपेपर काढा, रंग १६ बिट करा, नेटचा मोठा प्लॅन घ्या. मधेच थिजणारी स्क्रीन यातल्या कशानेही सुटत नाही. वर्ड-एक्सेलच्या कामाला फार बँडविड्थ लागतच नाही. शिवाय स्क्रीन ऑफिसकडून घरी येते, म्हणजे कस लागतो तो ऑफिसच्या अपलोडचा. तिकडे त्याच लाइनवर कोणी क्लाउडवर बॅकअप चढवत असेल, तर घरी ३०० एमबीपीएस घेऊनही स्क्रीन रेंगाळणारच.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. व्हीपीएन काढून ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) थेट इंटरनेटवर उघडा, वेग येईल, असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा विंडोज ७ आणि त्याआधीच्या विंडोजची अशी उघडी मशीन पासवर्डशिवाय ताब्यात घेता येत होती.

सोपी कामं आधी उरका. लॅपटॉपला नेटवर्क केबल लावा, नाहीतर निदान ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय. रिमोट डेस्कटॉप जोडण्याच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस'मधून नको असलेले प्रिंटर आणि ड्राइव्ह काढा. 'एक्सपिरियन्स'मध्ये जोडणीचा दर्जा आपोआप ओळखण्याचा पर्याय ठेवा. रंग ३२ बिटच राहू द्या.

आता खरं दुखणं. लॉगिन होतं, नोटपॅड नीट चालतं, पण मोठी शीट किंवा पीडीएफ उघडली की स्क्रीन थिजते, काळी पडते आणि पुन्हा जोडणी सुरू होते. याच ठिकाणी मी सुरुवातीला सगळ्यात जास्त झगडलो, कारण स्पीड टेस्ट दर वेळी उत्तम यायची. वेगाचा इथे संबंधच नसतो. नेटवरून माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेट्समध्ये जाते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेट आणखी एका पाकिटात घालतं, त्यामुळे आतल्या पॅकेटला जागा कमी उरते. मोठं पॅकेट वाटेत अडलं तर 'आकार कमी करा' असा निरोप उलट यायला हवा. मधल्या फायरवॉलने तो निरोपच अडवला की मोठी पॅकेट्स गुपचूप गळतात आणि लहान मजेत पोचतात. म्हणून नोटपॅड चालतं आणि पीडीएफ अडकते.

तपासणी अशी करा. व्हीपीएन जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये ऑफिसच्या मशीनला पिंग करा. सोबत तुकडे न करण्याचा 'एफ' आणि आकाराचा 'एल' हे दोन्ही पर्याय द्या. मशीन पिंगला उत्तर देत नसेल तर तिकडच्या राउटरला करा. १४७२ पासून सुरू करा आणि उत्तर येईपर्यंत १०-१० ने उतरा. ज्या आकाराला उत्तर आलं त्यात हेडरचे २८ मिळवा. तो तुमचा एमटीयू, म्हणजे न तुटता जाणाऱ्या पॅकेटचा सर्वात मोठा आकार. १३७२ ला उत्तर आलं तर १४००. हा आकडा घरच्या मशीनवर, व्हीपीएनच्या अडॅप्टरला 'नेटएसएच' (netsh) या कमांडने द्या. वायरगार्ड हे व्हीपीएन असेल तर तो थेट कॉन्फिगमध्ये लिहिता येतो. घरच्या बाजूला बदललं तरी उपयोग होतो, कारण टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) जोडणी सुरू होतानाच 'एवढ्याच आकाराचं पाठव' असं समोरच्याला कळवलं जातं. आकडा अंदाजाने टाकू नका, मोजूनच टाका.

तरीही अडकत असेल तर रिमोट स्क्रीनच्या वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक करा. यूडीपी, म्हणजे टीसीपीऐवजी पॅकेट्स पाठवण्याची दुसरी पद्धत, सुरू असेल तर तिथेच लिहिलेलं दिसतं. एरवी यूडीपी चांगलंच. हरवलेल्या एका पॅकेटसाठी मागचं सगळं खोळंबत नाही. पण व्हीपीएन स्वतः टीसीपीवर चालत असेल तर हा फायदा संपतो. आतलं रिमोट डेस्कटॉप आणि बाहेरचं व्हीपीएन, दोघेही हरवलेलं पुन्हा पाठवण्याच्या मागे लागतात आणि उशीर साचत जातो. माझं मत ठाम आहे: आधी नेटवर्क ॲडमिनकडून व्हीपीएनच यूडीपीवर करून घ्या. ते होणारच नसेल, तरच ऑफिसच्या मशीनवर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या खोलवरच्या सेटिंग्जमध्ये) 'सिलेक्ट आरडीपी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल्स' उघडून फक्त टीसीपी निवडा. दोन्ही बदल एकदम करू नका, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळणार नाही.

ग्राफिक्सकडे वळायचं ते यानंतरच. लाल सेलमधली निळी अक्षरं कडेला फिसकटलेली दिसत असतील, तर व्हिडिओसारख्या दाबणीत रंगांची माहिती कमी झालेली असते. त्यावर उपाय म्हणजे ग्रुप पॉलिसीत 'रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट'मधली एव्हीसी ४४४ ला (रंगांची माहिती कमी न करणाऱ्या दाबणीला) प्राधान्य देणारी पॉलिसी. मशीनला ग्राफिक्स कार्ड असेल तर हार्डवेअर एन्कोडिंगची, म्हणजे दाबणीचं काम कार्डावर सोपवणारी, पॉलिसीही सुरू करा. कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवर एव्हीसी ४४४ च्या नादी लागू नका, सगळा भार प्रोसेसरवर येतो. रजिस्ट्रीत ३० चे ६० फ्रेम करण्याची युक्तीही कार्यालयीन कामाला नकोच.

मग ऑफिसचं मशीन रीस्टार्ट करा; चुकून शट डाउन दाबलं तर तिकडे बटण दाबायला कोणीतरी लागेल. पुन्हा जोडल्यावर तिथल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'रिमोटडेस्कटॉपसर्व्हिसेस-आरडीपीकोअरटीएस'च्या नोंदी बघा: १६२ क्रमांकाच्या नोंदीत एव्हीसी ४४४ लागू झालं की नाही ते कळतं, १७० क्रमांकाच्या नोंदीत हार्डवेअर एन्कोडिंगचं.