लेंटमधली सीमायात्रा: नागपूरहून निघण्याआधीची तयारी

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ. त्या काळात चर्चच्या छोट्या गटाने बाहेरगावच्या मजुरांना भेटत राज्याच्या सीमेपर्यंत जायचे, ही सीमायात्रा. सगळ्यात आधी तारीख ठरवा, आणि ती मजुरांच्या पंचांगाने ठरवा. नागपूरभोवतीच्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतात, म्हणून लेंटचे आठवडे जमतात. होळीच्या आठवड्यात मात्र भट्टीवर जाऊ नका. सिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडच्या ज्यांना जमते ते तेव्हा गावी जातात. जबलपूर महामार्गावर मनसर, देवलापार ओलांडून मध्य प्रदेशात खवासा लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर याच रस्त्याने माणसे पायी गावाकडे निघाली होती. यात्रेचा शेवट तिथेच करा. मंडळीने मात्र महामार्गावर पायी चालू नये, आणि पेंचच्या जंगलपट्ट्यातून अंधाराआधी परत फिरावे.

माणसे दहा-बाराच घ्या आणि तिघांचे गट पाडा. प्रत्येक गटात किमान एक बाई हवी, नाहीतर झोपडीतल्या बायका बोलणार नाहीत. एकाला तरी गोंडी किंवा छत्तीसगढी समजावी. हिंदीवर काम भागते, पण ‘सेवा जोहार’ म्हटल्यावर म्हातारी माणसे मान वर करून बघतात.

पहिला मुक्काम शहरातल्या ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट बघत थांबतात त्या चौकात, सकाळी सातला. गाडी दोन चौक अलीकडे उभी करा आणि पायी जा. ठिय्यासमोर गाडी थांबली की काम आले असे समजून माणसे धावत येतात. त्यांना ‘आम्ही फक्त भेटायला आलो’ सांगणे हा क्रूरपणा आहे. दहानंतर उरलेल्यांना त्या दिवशी काम मिळालेले नसते. त्यांना वेळ असतो, पण प्रश्न विचारायची ही वेळ नाही. चहा सांगा, शेजारी बसा.

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, म्हणजे तुमच्याशी तासभर बोलले की तेवढ्या विटा कमी. थापणी, म्हणजे साच्यात विटा पाडणे, पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि दुपारी विसावा असतो. तेव्हाच जा, अर्ध्या तासात उठा. मालकाची परवानगी घ्या, पण तो शेजारी उभा असेल तर ‘सब ठीक है’ याखेरीज काही ऐकू येणार नाही. मोकळे बोलणे आठवडी बाजारात होते, कारण बाजाराच्या दिवशी खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे, हातात पडते आणि कुटुंब तेल-मीठ घ्यायला बाहेर येते. बाजाराचा वार आधी विचारून घ्या.

आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, असे कोणी म्हणाले तर तिथे वाद घालू नका. तुम्ही संध्याकाळी घरी जाता, रात्री तिथे तो राहतो. त्याची संमती घेऊन तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. लहान मूल राबताना दिसले तर १०९८ वर फोन करा, पण भट्टीपासून दूर गेल्यावर.

एकाने ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) आणि रेशनची माहिती पक्की करून यावे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. शिधापत्रिका कुठल्याही राज्यात चालते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी दोन ठिकाणी अडते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदललेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही. दुसरी अडचण बोटांची. वर्षानुवर्षे ओली माती साच्यात दाबून बोटांच्या रेषा झिजतात, पेरे गुळगुळीत होतात, आणि रेशन दुकानातले मशीन अंगठा घेत नाही. तो हात एकदा नीट बघा. या यात्रेत शिकण्यासारखे पुष्कळसे तिथे दिसते.

पुस्तिका, पत्रके, कपड्यांची पाकिटे नेऊ नका. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि भेटवस्तूचा अर्थ आमिष असा लावला जाऊ शकतो. त्यातला त्रास तुमच्यापेक्षा मजुरांना जास्त होईल. शिवाय उपाशी माणसाचा होकार मोकळा नसतो. प्रार्थना निघण्याआधी चर्चमध्ये करा. वाचनासाठी बायबलमधल्या ‘अनुवाद’ पुस्तकातले २४:१४-१५ घ्या, जिथे मजुराचे वेतन सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितले आहे. आणि रूथचा दुसरा अध्याय, परक्या शेतात सरवा वेचणाऱ्या बाईचा. खवासाला पोचल्यावर दहा मिनिटे नुसते शांत उभे राहिलात तरी पुरे. मार्ग आणि नावांची यादी पाळकसाहेबांच्या सहीने स्थानिक पोलीस ठाण्यात आधी द्या.

सामान थोडेच: माणशी चार लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटे, टोपी किंवा दुपट्टा, बंद बूट, स्वतःचा डबा. मार्चअखेर पारा चाळीशीजवळ जातो. दमा असलेल्यांनी पेटत्या भट्टीच्या धुराच्या बाजूला उभे राहू नये. कोणी भाकर पुढे केली तर थोडी घ्या, डबा उघडून वाटून खा. मुलांचे फोटो काढू नका, मोठ्यांचे विचारल्याशिवाय नको.

परतल्यावर आठवड्याच्या आत, ज्यांना ‘विचारून सांगतो’ म्हटले त्या प्रत्येकाला फोन करा. काम झाले नसेल तर तसेच सांगा. कोणी कोणाला फोन करायचा ते परतीच्या गाडीतच वाटून घ्या, नाहीतर राहून जाते.