घरामागे लिहायची खोली बांधताय? आधी हे वाचा

पहिलं म्हणजे खोली मोठी करू नका. ८ बाय १० फूट एका माणसाला भरपूर झाली, जास्त जागा ठेवली की घरातलं सगळं अडगळीचं सामान हळूहळू तिकडेच येऊन पडतं आणि मग ती स्टोअररूम होते. बांधकामाची परवानगी लागते का तेवढं आधीच विचारून घ्या.

आता खिडकी, इथे मात्र वेळ घालवा. बांधायच्या आधी त्या जागेवर खुर्ची टाकून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बसून बघा ऊन कुठून येतं ते. टेबल खिडकीला काटकोनात ठेवायचं, म्हणजे उजेड बाजूने येतो, कारण खिडकी पाठीमागे असली तर स्क्रीनवर चकाकतं आणि समोर असली तर डोळे दिपतात (आणि खरं सांगायचं तर लिहिणं सोडून आपण पक्षीच बघत बसतो). उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, हाताची सावली कागदावर पडत नाही. समोरासमोरच्या भिंतीत अजून एक छोटी खिडकी हवीच, हवा खेळती राहते.

जमीन ओल धरते म्हणून फरशी निदान फूटभर उचला, छप्पर भिंतीबाहेर दीड फूट काढा. पत्रा असेल तर खाली इन्सुलेशन (आवाज आणि उष्णता अडवणारा थर) टाकाच, नाहीतर पावसात स्वतःचे विचारपण ऐकू येणार नाहीत. बाहेरचा बराच आवाज दाराच्या फटीतूनही येतो, तिथे रबर पट्टी लावा, स्वस्तात काम होतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच.

वायफाय? माझं मत, नकोच.