लोकरी मावा दिसला? पंप उचलण्याआधी पान उलटा

ढगाळ हवा, दमटपणा आणि चार-आठ दिवस उन्हाचं दर्शन नाही, असं झालं की उसात लोकरी मावा, म्हणजे पानाखाली बसून रस शोषणारी पांढऱ्या लोकरीची कीड, वाढणारच. 2002 मध्ये सांगली भागात त्याचा उद्रेक झाला होता. मावा परवडला, पण पान न बघता मारलेली फवारणी महागात पडते.

खालच्या पानांवर चिकटा आणि काळी बुरशी दिसली की वरचं पान उलटा. मधल्या शिरेलगत पांढरी लोकर असेल. ती काडीने हळूच बाजूला सारा. आत रेशमी जाळी आणि तिच्यात करडी-हिरवट अळी सापडली तर पंप खाली ठेवा. ही डिफा, जुन्या पुस्तिकांतली कोनोबाथ्रा. पतंगाचीच अळी, पण पानाला तोंड लावत नाही, मावाच खाते. हिला खोडकीड समजून मारणारे कमी नाहीत. खोडकीड खोडात शिरते, ही लोकरीतच राहते.

फवारणीने होतं काय? डोक्यावर गेलेल्या उसात औषध पानाखाली पोचत नाही, लोकरीवरून ओघळतं. थोडा मावा मरतो, मित्रकीड मरते. उरलेला मावा झपाट्याने वाढतो, कारण त्याला खाणारं कोणी उरत नाही. मग दुकानदार दुसरी बाटली देतो, वर एक टॉनिक. टॉनिकने मावा हटत नाही.

डिफाची अळी नसेल तर बाहेरून आणून फडात सोडा. शिफारस हेक्टरी 1000 अळ्या किंवा कोष, म्हणजे एकरी 400. किंवा मायक्रोमस या दुसऱ्या मावा खाणाऱ्या मित्रकिडीच्या हेक्टरी 2500 अळ्या. अळी-कोष असलेले पानाचे तुकडे जवळच्याच फडातून आणा आणि मावा असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचा. पुढे तीन आठवडे कसलीच फवारणी नको. आमचा अंदाज असा, की दहा मावाग्रस्त पानांपैकी तीन-चार पानांवर अळी असेल तर सोडायचीही गरज नाही. आठवड्याने पुन्हा पानं उलटा.

बाकीची कामं:
- नत्र लागणीच्या हंगामानुसार हेक्टरी सुरू 250, पूर्वहंगामी 340, आडसाली 400 किलो. त्यावर एक गोणीही जास्त नको
- पुढची लागण पट्टा पद्धतीने (उसाच्या जोडओळींमध्ये मोकळा पट्टा सोडून)
- पाणी साचू देऊ नका
- पाचट जाळू नका, कोष पानांवरच असतात
- मावा पडलेल्या फडातलं बेणं आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) दुसऱ्या गावी नेऊ नका. वैरणीच्या ट्रॉलीतूनच मावा प्रवास करतो