गोव्याच्या हवेत सिंगल-कॉइल गिटार: खरेदी, जुळवणी आणि वादन

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की तिच्यातून एक अखंड घरघर ऐकू येते आणि दुकानदाराने सदोष वस्तू गळ्यात मारली, असा बहुतेक नवशिक्यांचा समज होतो. प्रत्यक्षात ही घरघर सिंगल-कॉइल पिकअपच्या रचनेतूनच येते. या पिकअपमध्ये चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या वायरीचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मात्र घरातील वायरिंग, पंख्याचा रेग्युलेटर आणि मोबाईलचा चार्जर यांच्याभोवतीचे क्षेत्रही तेच वेढे तितक्याच तत्परतेने टिपतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे घरघरीचा सूरही 50 आणि तिच्या पटींत असतो. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजणारा ‘जी’ सुमारे 98 हर्ट्झचा आहे. तो वाजवून थांबलात, तर त्याच्या किंचित वर, 100 हर्ट्झवर, ती घरघर स्पष्ट ओळखू येते.

1954 साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तेव्हापासून तीन सिंगल-कॉइल पिकअपची ही मांडणी रूढ झाली आणि आज मिळणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी पुष्कळशा तिच्याच वळणाच्या आहेत. घरघर नको असेल तर दोन कॉइलचे हंबकर पिकअप मिळतात, पण तारेवरच्या प्रत्येक आघाताचा जो स्वच्छ, टोकदार उच्चार सिंगल-कॉइलमधून येतो, तो त्यांत तसाच मिळत नाही. म्हणून घरघर सोसण्याजोगी करणे आणि उच्चार जपणे, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. माझ्या मते त्यासाठी महाग गिटारीपेक्षा नीट जुळवलेली स्वस्त गिटार अधिक उपयोगी ठरते.

पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानात गिटार पाहताना ती अ‍ॅम्पला जोडूनच पाहावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवावी. एखाद्याच जागी तार खरखरत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे असे समजावे, आणि अशी गिटार बाजूला ठेवणे बरे. पिकअप निवडणाऱ्या स्विचच्या पाचही जागा फिरवून पाहाव्यात आणि छोट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चालू पिकअपच्या प्रत्येक खुंटीला हलकेच स्पर्श करावा. टक् असा आवाज आला म्हणजे पिकअप जिवंत आहे. यानंतर तारांना हात लावावा. हात लावताच घरघर कमी झाली तर आतली अर्थची (अर्थिंगची) जोडणी ठीक आहे. उलट ती वाढली, तर जोडणीत दोष असण्याची शक्यता अधिक असते आणि दुकानदाराकडून ती उघडून घेणे रास्त आहे.

घरी आणल्यावर पहिले काम पिकअपच्या उंचीचे. स्वस्त गिटारींचे पिकअप बहुधा कारखान्यातून कसेही बसवलेले येतात. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि तिच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खुंटीपर्यंतचे अंतर मोजावे. ते सुमारे 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे 1.6 मिलिमीटर असावे. पिकअप याहून फार वर आणला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढू लागतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, एकाच स्वरातून दोन स्वर निघाल्यासारखे वाटते. हा त्रास जाड तारांवर आणि मानेजवळच्या पिकअपवर सर्वाधिक जाणवतो. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू एकेक अर्धा फेरा फिरवून, दर वेळी वाजवून, कानानेच शेवटचा निर्णय घ्यावा.

मान किती वाकली आहे हे पाहण्यासाठी पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहावी. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. फट मोजण्याचे फीलर गेज दुचाकीच्या बहुतेक गॅरेजवाल्यांकडे असते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा वाक सांभाळणारा दांडा) अ‍ॅलन-कीने पाव फेरा घट्ट करावा, गिटार काही तास तशीच ठेवावी आणि मगच पुन्हा मोजावे. त्यानंतर तारांची उंची बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. शेवटी सूर तपासावा: बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे सरकवावे, उतरा असेल तर पुढे. ट्रेमोलोचा दांडा असलेल्या स्वस्त गिटारीत तारा सारख्या उतरतात; मागच्या झाकणाखालचे दोन स्क्रू घट्ट करून ब्रिज लाकडावर टेकवला, तर दांड्याचा उपयोग कमी होतो, परंतु गिटार सुरात टिकते. नवशिक्याने हा सौदा निःशंकपणे करावा.

गोव्यात या सगळ्याला पावसाळ्याची जोड आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड ओलावा पिते, मान हलते आणि मे महिन्यात नीट जुळवलेली गिटार जुलैत वेगळीच लागते. म्हणून पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुमारास, असे वर्षातून दोनदा मानेचे माप घ्यावे. चिऱ्याच्या बाहेरील भिंतीला टेकवून गिटार ठेवू नये, कारण ती भिंत पावसात आतपर्यंत ओल धरते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचाही उपद्रव आहे. वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही सुती फडक्याने पुसाव्यात, आणि सॅडलच्या बारीक स्क्रूंवर टाचणीच्या टोकाने शिलाई यंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा. हे स्क्रू एकदा गंजून अडकले की त्यांची डोकी झिजतात आणि मग उंची बदलताच येत नाही. नॉब फिरवताना खरखर येऊ लागली तर विद्युत जोडण्यांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा.

विजेची बाब मात्र जिवाशी निगडित आहे. जुन्या कौलारू घरांत कित्येक ठिकाणी सॉकेटला तीन भोके दिसतात, पण मागे अर्थची तार नसते. अ‍ॅम्पचा तीन पिनांचा प्लग त्यात बसतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असल्यामुळे अशा घरात हाताला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर वादन तत्काळ थांबवून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि अर्थ-लीकेज ब्रेकर (गळती होताच वीज तोडणारे साधन) बसवून घ्यावा. घरघर कमी व्हावी म्हणून अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. जत्रेच्या मंचावर, जिथे जनरेटर आणि रोषणाईच्या माळा एकाच वायरीवर असतात, ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

वाजवताना घरघर आटोक्यात ठेवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे स्वतःची बसण्याची दिशा. अ‍ॅम्पपासून दोन-तीन पावले दूर बसून गिटार हळूहळू वळवत गेल्यास एका कोनात घरघर एकदम बसते. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलट्या दिशेने गुंडाळलेला असतो. अशा गिटारीत स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकमेकांची घरघर छेदतात. तो आवाज साथीलाही मधुर वाटतो.

साथीचा विषय गोव्यात टाळता येत नाही, कारण फोंडा-डिचोलीकडच्या घरांत गिटार शिकणाऱ्याला कधी ना कधी पेटीबरोबर बसावे लागते. पेटीचा सूर ट्यूनरशी जुळेलच असे नाही, म्हणून आधी पेटीवरून गिटार लावून घ्यावी. गायक काळी एकमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ‘सी’च्या आकारांत वाजवावे, काळी दोनला त्याच जागी ‘डी’चे, काळी चारला ‘जी’चे आणि काळी पाचला ‘ए’चे आकार चालतात. काळी तीनला कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेऊन ‘ई’चे आकार धरावेत. अ‍ॅम्पवर विकृती (डिस्टॉर्शन) शून्य ठेवावी, गिटारचा व्हॉल्यूम सातच्या आसपास आणि टोन थोडा उतरवून मानेजवळचा पिकअप वापरावा. मग तार ओढून घेतलेली मींड गायकाच्या आवाजाला कापत नाही. अशा स्वच्छ आवाजात डाव्या हाताची प्रत्येक उणीव उघडी पडते, त्यामुळे न वाजणाऱ्या तारा उजव्या तळहाताच्या कडेने मुक्या ठेवण्याचा सराव प्रथमपासून करावा.

पिकअप बदलण्याची घाई करू नये. स्वस्त गिटारीत बहुधा पोलादी खुंट्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, महाग पिकअपमध्ये अल्निको नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकी कांड्या. फरक आहे, पण तो नव्या तारा, योग्य उंची आणि नीट कापलेला नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा बसणारी खाचांची पट्टी) यांच्यानंतरच ऐकू येतो. त्याआधी पैसे खर्च करायचेच असतील तर ते आतली पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवून ती अर्थला जोडण्यावर करावेत. त्याने 50 हर्ट्झची मूळ घरघर फारशी हटत नाही, पण रेग्युलेटर आणि एलईडी दिव्यांची चरचर लक्षणीय कमी होते.