संप्रेरकाचं नाव आलं की पेन्सिल उचला

कोणतं संप्रेरक मूत्रपिंडातल्या गाळणीवर काय करतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पाठ करू देत नाही. कागदावर ग्लोमेरुलसचा, म्हणजे मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचा, गुंता काढा. डावीकडे आत येणारी धमनिका, उजवीकडे बाहेर जाणारी. निरोगी माणसात दोन्ही मूत्रपिंडांतल्या अशा सगळ्या गुंत्यांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर गाळलं जातं. आता संप्रेरक कोणती बाजू आवळतं, तेवढंच बघा. अँजिओटेन्सिन-२ मुख्यतः उजवी आवळतं: रक्तप्रवाह घटतो, पण गुंत्यातला दाब टिकतो, म्हणून गाळण फारशी घसरत नाही. अ‍ॅड्रिनलिन जोरात आलं तर डावीही आवळते, रक्तप्रवाह आणि गाळण दोन्ही घटतात. प्रोस्टाग्लँडिन डावी सैल ठेवतात. इथे जरा थांबाच. जुलाबांनी सुकलेल्या आजोबांना आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक दिलं की प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबतं आणि ही सोय बंद पडते. त्यात रॅमिप्रिल, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ बनू न देणारं रक्तदाबाचं औषध, चालू असेल तर उजवीही सैलावते आणि गाळण कोसळते. असा रुग्ण आला की आधी लघवी किती झाली ते विचारा, मग गाळण किती घसरली ते कळायला रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी पाठवा.