मधुमेह आणि आखडलेला खांदा: उपचारांची सांगड घालताना या चुका टाळा

मधुमेहात जाम झालेल्या खांद्याला एकच एक उपचार क्वचितच पुरतो. सांध्यातील इंजेक्शन, व्यायाम, शेक, गोळ्या आणि साखरेचे नियंत्रण यांची सांगड घालावी लागते. नागपुरात इतकी वर्षे फिजिओथेरपी करताना मी पाहिलेले बहुतेक घोटाळे या सांगडीतच झालेले आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन साखर न मोजणे. औषध सांध्यात सोडले तरी त्याचा काही अंश रक्तात उतरतो, यकृत जास्त ग्लुकोज सोडू लागते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि मधुमेही माणसाची साखर काही दिवस चढलेली राहते. ही चूक एकदा माझ्याही हातून झाली. इतवारीतील एका व्यापारी काकाजींना शुक्रवारी इंजेक्शन दिले गेले आणि मी सोमवारपासून व्यायाम सुरू करायचे ठरवले. साखरेबद्दल इंजेक्शन देणाऱ्यांनी त्यांना काही सांगितले नव्हते, आणि ते सांगितले असेल असे मी गृहीत धरले. रविवारी घरच्या मशीनवर 340 आकडा पाहून काकाजी घाबरले आणि कोणालाही न विचारता त्यांनी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी दुप्पट केली. बुधवारपर्यंत इंजेक्शनचा प्रभाव ओसरला होता, गोळी मात्र दुप्पटच चालू होती, आणि दुकानाच्या घाईत नाश्ताही राहिला होता. माझ्यासमोर काठीचा व्यायाम करताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर 58 निघाली. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्या दिवसापासून माझी सवय ठरली आहे. इंजेक्शनची तारीख घेण्यापूर्वीच मी रुग्णाला त्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवते आणि गोळ्यांचे काय करायचे ते कागदावर लिहून आणायला सांगते. पुढचे सात दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहिलेली नसेल, तर मी व्यायाम घेत नाही. रिकाम्या पोटी आलेल्यांना तर दारातूनच परत पाठवते, मग ते कितीही लांबून आलेले असोत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी ज्या हाताचा व्यायाम करायचा त्याच दंडात सुई टोचू नये, कारण हालचालीने ते लवकर शोषले जाते.

दुसरी चूक याच्या उलट प्रकारची आहे: इंजेक्शनने दुखणे थांबले की खांदा बरा झाला, असे मानून व्यायाम सोडणे. इंजेक्शनमुळे काही आठवडे वेदना कमी राहतात, पण आवळलेले सांध्याचे आवरण आपोआप सैल होत नाही. घरचे लग्न आटोपून दीड-दोन महिन्यांनी परत येणारे बहुधा तितक्याच आखडलेल्या खांद्याने येतात.

तिसरी चूक जोर लावण्याची, आणि तिचा मला मनापासून राग आहे. ‘मॅडम, एकदाचा जोर लावून मोकळा करा ना,’ असे म्हणणारे आठवड्याला दोन तरी भेटतात. काहींचा हात तर घरी मुलाने किंवा मालिशवाल्याने आधीच ओढलेला असतो. सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात, जेव्हा रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, तेव्हा ओढाताणीने सूज आणि आखडणे दोन्ही वाढू शकतात. 2004 साली नेदरलँड्समध्ये 77 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, वेदनेच्या मर्यादेत सौम्य हालचाल करणाऱ्या गटाचे खांदे दोन वर्षांनंतर जोरकस ताण देणाऱ्या गटापेक्षा बरेच चांगले होते. मधुमेहात साखरेमुळे सांध्याच्या आवरणातील कोलॅजन या प्रथिनाचे धागे अधिक ताठ होतात आणि खांदा सुटायला वेळही जास्त लागतो, म्हणून इथे तर घाई मुळीच परवडत नाही. या टप्प्यात मी लोलकासारखे हात झुलवणे आणि काठीच्या आधाराने हात बाहेर वळवणे एवढेच देते, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. नंतर दुखणे अर्ध्या तासात शमले नाही, तर दुसऱ्या दिवशी ताण कमी करते. ताण वाढवणे दुखणे ओसरून केवळ आखडणे उरल्यावरच सुरू करते.

शेक घेताना गरम पाण्याची पिशवी किती तापली आहे ते आधी घरातील मधुमेह नसलेल्या माणसाने तपासावे, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेला भाजलेले कळत नाही. डिसेंबरच्या थंडीत असे फोड मी दरवर्षी पाहते.

दुखण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊन महिनोन्महिने खाऊ नयेत. मधुमेहात मूत्रपिंडावर आधीच भार असतो.

दुसऱ्याने उचलल्यास हात सहज वर जातो, पण स्वतःहून उचलता येत नाही, असे असेल तर रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या कंडरा, फाटल्याची शंका घ्यावी. तिथे उपचारांची वाट वेगळी आहे.

डावा खांदा हात न हलवताच दुखत असेल, चालताना किंवा जिना चढताना दुखणे वाढत असेल आणि सोबत घाम किंवा धाप असेल, तर माझ्याकडे येऊन वेळ घालवू नये. थेट रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो.